उलटं श्रुतलेखन

‘१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त संघटनेला वाटाघाटीचा अधिकार दिला त्यामुळे गॅस बंद केलास का दूध वर आलंय बघ’

माझ्या एम.ए.च्या स्वाध्यायातलं हे वाक्य. पूर्वार्ध माझा, उत्तरार्ध सासूबाईंचा. फोनने दोघींना एका ओळीत बसवलं होतं, मध्ये साधा स्वल्पविरामसुद्धा नाही. दूध उतू गेलं ते गेलंच.

२०२४ चा एप्रिल संपत आला होता. वळवाचा पहिला पाऊस पडला की पुण्यातले रस्ते तासभर साबण लावल्यासारखे होतात, हे इतकी वर्षं इथे राहून मला ठाऊक असायला हवं होतं. म्हात्रे पुलाजवळ स्कूटर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे सांगितले. मी पन्नाशीत, नोकरी सांभाळून, मुक्त विद्यापीठातून इतिहासात एम.ए. करत होते. स्वाध्याय तीन आठवड्यांत द्यायचे होते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा होती. डाव्या हाताने चमचासुद्धा धड धरता येत नव्हता. भात तोंडाऐवजी हनुवटीला लागायचा.

भाचा भेटायला आला. हा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मावशी, लिहितेस कशाला? बोल की.” त्याने फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडली, माइकच्या चित्रावर बोट ठेवलं आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. पंगतीत कुणी अचानक उखाणा घ्यायला सांगावं तशी मी गप्प झाले.

“अरे, पण काय बोलू?”

फोनने लिहिलं : अरे पण काय बोलू.

आमच्या गावच्या शाळेत, कोरेगाव तालुक्यात, शनिवारी सकाळची शाळा असायची आणि पहिल्याच तासाला श्रुतलेखन. गुरुजी हात पाठीमागे बांधून बाकांमधून फिरायचे आणि एकेक शब्द सोडायचे. आम्ही माना खाली घालून लिहायचो. त्यांचा ‘दी’ जरा लांबला की दुसरी वेलांटी द्यायची, तुटक आला की पहिली, एवढं आम्हाला दुसरीतच कळलं होतं. गुरुजींनाही ते कळत असणार. बक्षीस समारंभाच्या आधीच्या शनिवारी ते जरा जास्तच लांबवायचे. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायचा. आज मला सर्वांत जास्त आठवतं ते मात्र त्यांचं थांबणं. एक शब्द सांगितला की ते उभे राहायचे, सगळ्यांच्या पेन्सिली थांबल्या का ते बघायचे, आणि मगच पुढचा शब्द.

आता मी बोलत होते आणि फोन लिहीत होता. गुरुजींची जागा मला मिळाली होती, फक्त चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावायची सोय नव्हती.

गूगलने आवाजी टंकलेखनात मराठी आणली ती ऑगस्ट २०१७ मध्ये. बंगाली, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि उर्दूसोबत. म्हणजे सात वर्षं ही सोय माझ्या पर्समध्ये पडून होती आणि मी तिच्यावर ‘येताना कोथिंबीर आण’ एवढंच बोलले होते. वेगाचं म्हणाल तर स्टॅनफर्डच्या आणि बायदू कंपनीच्या संशोधकांनी २०१६ साली मोजून दाखवलं होतं की फोनवर बोटांनी टाइप करण्यापेक्षा बोलणं इंग्रजीत तिपटीने वेगवान पडतं, आणि चिनी मँडरिनमध्येही जवळपास तेवढंच. मराठीत काय होतं ते मी स्वयंपाकघरातल्या घड्याळावर बघितलं. मनगट मोडण्याआधी परीक्षेच्या वेगाने मिनिटाला सतरा-अठरा शब्द व्हायचे. तोंडाने नव्वदच्या वर गेले. पहिल्या संध्याकाळी मी अडीच हजार शब्द बोलले आणि स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी वाचलं.

माझा विषय होता १९८२ चा मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप. १८ जानेवारीला सुरू झाला, साठाच्या आसपास गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार, पुढारी डॉ. दत्ता सामंत. इतपत फोनला जमलं. गाडी घसरली ती गिरणीच्या आत शिरल्यावर. कापडगिरणीत सूतकताईच्या एका खात्याला त्रासन खातं म्हणत. तिथल्या थ्रॉसल नावाच्या यंत्राचं गिरणगावाने आपल्या जिभेला सोईचं केलेलं हे रूप. फोनने ते ‘त्रास नको खातं’ असं लिहिलं. साचे म्हणजे माग, आणि ते चालवणारे साचेवाले. माझ्या स्वाध्यायात सगळीकडे ‘सासरवाल्यांची मजुरी’, ‘सासरवाल्यांच्या मागण्या’ आणि एके ठिकाणी ‘सासरवाल्यांचा असंतोष’ असं छापून आलं होतं. हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं नाही.

असं का होतं ते भाच्याने समजावलं. यंत्राला शब्द ऐकू येत नाहीत. ते आवाजाचे बारीक तुकडे करतं, सेकंदाचे शंभर भाग करावेत इतके बारीक, आणि हे काय असू शकेल याचे अंदाज बांधतं. मग ज्या शब्दाशेजारी जो शब्द लोकांच्या लिखाणात जास्त वेळा आलेला असतो, त्याच्या पारड्यात वजन टाकतं. सासरवाले महाराष्ट्रात रोज लिहिले जातात. साचेवाले शेवटचे कधी लिहिले गेले, कोण जाणे. गिरण्या बंद पडल्या, तिथे टॉवर आले, त्या खात्यांची नावंही माणसांबरोबर गेली. फोन बिचारा खोटं बोलत नव्हता. आजच्या मराठीत जे उरलंय ते त्याने लिहिलं.

विरामचिन्हांची तर वेगळीच गंमत. वाक्य संपल्यावर मी मोठ्या तोऱ्यात ‘पूर्णविराम’ म्हटलं, तर फोनने पूर्णविराम हा शब्दच लिहून टाकला. दोन पानं शब्दांची सलग रांग. मराठीत ही चिन्हं एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या हातून रुळली. त्याआधीच्या पोथ्यांत अक्षराला अक्षर चिकटलेलं असायचं आणि श्वास घ्यायला दंडाची एक काठी. फोनने मला थेट कँडीसाहेबांच्या आधीच्या काळात नेऊन सोडलं होतं. शेवटी सवय लागली : एक वाक्य बोलायचं, थांबायचं, डाव्या अंगठ्याने टिंब द्यायचं, मग पुढचं. गुरुजींसारखं.

ऱ्हस्व-दीर्घाचं मात्र मान्य केलं पाहिजे. पीक म्हणजे शेतातलं आणि पिक म्हणजे कोकिळ; आपण बोलताना दोन्ही सारखंच बोलतो. फोन संदर्भ बघून शेतातलंच लिहितो, कोकिळेच्या वाटेला जात नाही. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे अठरा नियम पाठ केलेल्या पिढीतली मी, तरी फोन माझ्यापेक्षा बरं शुद्ध लिहितो. शेजारची सहावीतली मुलगी मराठीचा निबंध असाच बोलून करते आणि मग वहीत उतरवून काढते. तिच्या आईला ते आवडत नाही. मला वाटतं, पोर उतरवून काढते तोवर ठीक आहे. ज्या दिवशी उतरवणंही थांबेल त्या दिवसापासून तिच्या हाताला वेलांटी ओळखीची राहणार नाही.

आता प्रश्न होता बोलायचं कुठे. आमचं घर दोन खोल्यांचं. त्यात कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरच्या मालिका आणि सासूबाईंची माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर देण्याची सवय. मी “कामगारांच्या मुख्य मागण्या कोणत्या होत्या?” असं म्हटलं की त्या आतून म्हणायच्या, “मला कशाला विचारतेस?” आणि फोन दोन्ही लिहून घ्यायचा. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीआड जायला लागले. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी खाली भेटून हळूच विचारलं, “सगळं ठीक आहे ना घरी?”

भाच्याची अडचण माझ्याहून मोठी. अभ्यासिकेत पेनाचं टोपण पडलं तरी दहा माना वळतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार म्हटल्यावर २०२३ च्या फेब्रुवारीत पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि मग तो बदल २०२५ पर्यंत पुढे गेला, हे आठवत असेल. वर्षानुवर्षं पर्यायांचे गोळे काळे करणाऱ्या मुलांना एकदम पानंच्या पानं लिहायची होती. भाच्याने यातून स्वतःची रीत काढली. सकाळी पर्वती चढताना तो फोनशी उत्तर बोलतो. राज्यपालांचे अधिकार, दुष्काळ, कलम २१. फिरायला आलेल्या आजोबांनी एकदा त्याला थांबवून सांगितलं, “बाळा, मुलगी ऐकत नसेल तर सोडून दे.” तो मूलभूत हक्कांवर बोलत होता.

तो बोललेलं खोलीवर जाऊन वाचतो, खुणा करतो, आणि मग तेच उत्तर पेनाने, घड्याळ लावून लिहितो. परीक्षेत माइक मिळणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. बोलणं त्याच्यासाठी विचार सापडायचं साधन, लिहिणं वेगळं.

माझ्याही लक्षात यायला लागलं होतं की फोनचा खरा उपयोग स्वाध्याय लिहिण्यापेक्षा अभ्यासाला होतोय. आपल्याकडे अभ्यास म्हणजे तोंडच. संध्याकाळी दिवा लागला की परवचा, पाढे, मग कविता. आजीला अक्षर येत नव्हतं पण आम्ही पावकीत कुठे अडखळलो ते तिला बरोबर कळायचं. फक्त त्या सगळ्यात दुसऱ्याचं पाठ केलेलं म्हणायचं असे. इथे मी पुस्तक मिटायचे, माइक सुरू करायचे आणि एका प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटं माझ्या शब्दांत बोलायचे. मग वाचायचे. पहिल्या उत्तरात ‘म्हणजे’ एकतीस वेळा होतं आणि ‘वगैरे’ नऊ वेळा. ‘म्हणजे’चं काही नाही, तो श्वास घ्यायला लागतो. ‘वगैरे’च्या खाली मात्र मी रेघ ओढली. ‘बोनस वगैरे’, ‘बदली कामगार वगैरे’, ‘युनियनची मान्यता वगैरे’. जिथे जिथे मी वगैरे म्हटलं होतं, तिथे तिथे मला पुढचं काही येत नव्हतं.

हाताने लिहिताना हे कधी कळलं नव्हतं. हात सावकाश चालतो, तेवढ्यात आपण एखादं बरं वाक्य जुळवून भोक बुजवतो, आणि परीक्षकाच्या आधी स्वतःलाच फसवतो. तोंडाला तेवढी उसंत नसते. त्या नऊ वगैरेंची यादी करून मी पुन्हा पुस्तक उघडलं. बदली कामगार म्हणजे रोज गिरणीच्या दारात उभं राहून कुणी गैरहजर आहे का याची वाट बघणारा माणूस; अशी माणसं वर्षानुवर्षं बदलीच राहायची, त्यांना कायम करा ही संपातली एक मागणी होती. राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता म्हणजे तोच १९४६ चा कायदा : कामगार सामंतांच्या मागे, पण कायद्याने बोलायचा हक्क दुसऱ्याच संघटनेला. म्हणून तर संपात त्या कायद्याविरुद्धही हाक होती. हा संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. त्याला सुरुवातीची तारीख आहे, शेवटाची नाही. इतिहासाच्या विद्यार्थिनीला ही फारच अडचणीची गोष्ट.

स्वाध्याय वेळेत दिला. आठवड्याने परत आला. बोललेल्या मजकुरावरून मी भरपूर हात फिरवला होता, सासरवाले हाकलले होते, तरी काही वाक्यं जिभेवर आली तशीच राहिली होती. त्यातलं एक : ‘गावाकडे आम्हाला संप कळला तो पेपरातून नाही. पोस्टमनची सायकल आमच्या दारात थांबेना, तेव्हा कळला.’ सरांनी त्याला लाल गोल करून बाजूला लिहिलं होतं, ‘संदर्भ?’ आणि शेवटी शेरा : ‘मांडणी चांगली. भाषा बोलीकडे झुकते, प्रमाण ठेवावी.’

सरांचं चुकलं असं मी म्हणत नाही. संदर्भ द्यायला हवा, आणि माझ्याकडे तो नव्हता. पण ते वाक्य पेन हातात असताना माझ्याकडून आलंच नसतं, हेही तितकंच खरं. पेन धरलं की माझी पाठ ताठ होते. ‘परिणामी ग्रामीण अर्थव्यवस्थेवर विपरीत परिणाम झाला’ असं मी लिहिलं असतं, सरांनी बरोबरची खूण केली असती आणि दोघांनाही त्यात पोस्टमन दिसला नसता. शाळेने मला दोन मराठी दिल्या, एक तोंडाची आणि एक हाताची. पन्नास वर्षं त्या एकमेकींना भेटल्या नव्हत्या. मनगट मोडलं म्हणून भेटल्या, आणि लगेच भांडायला लागल्या.

सांगणारा एक आणि लिहिणारा एक ही आपल्याकडची जुनी रीत. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०, हा काळ येतो आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नावही येतं. रामदासांचं कल्याणस्वामींनी लिहून घेतलं असं सांगतात. बाबांनी कधी हात वर करून ‘माउली, जरा थांबा’ म्हटलं असेल का, असं मला त्या दिवसांत वाटायचं. महाभारताच्या कथेत तर लिहिणाऱ्यालाच अट आहे : अर्थ कळल्याशिवाय अक्षर काढायचं नाही. गणपतीने ती मान्य केली. माझ्या फोनने असली काही अट मान्य केलेली नव्हती. अर्थ न कळता लिहिणं हेच त्याचं काम, आणि ते तो न थकता करायचा.

परीक्षेला मात्र मला माणूस मिळाला. प्लास्टर अजून उतरायचं होतं. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज केला आणि लेखनिकाची परवानगी आली. लेखनिक हा शब्द मी तोवर अंध विद्यार्थ्यांच्या संदर्भातच ऐकला होता. दिव्यांग परीक्षार्थींना तासाला किमान वीस मिनिटं जादा देण्याची केंद्राची सूचना आहे, आणि लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला निकाल दिला की ठरावीक टक्क्यांचं अपंगत्व असेल तरच लेखनिक, असं म्हणता येणार नाही. हे सगळं मला भाच्याने सांगितलं. त्याला परीक्षेत येईल असं वाटत होतं. मला वाटत होतं, हात असून लिहिता न येणं काय असतं ते या माणसांना जन्मभर माहीत आहे आणि मी सहा आठवड्यांत टेकीला आले.

माझी लेखनिक म्हणजे आमच्याच सोसायटीतली नुकतीच बारावी झालेली मुलगी. आम्हाला जिन्याजवळची वेगळी खोली दिली होती, कोपऱ्यात एक पर्यवेक्षक. मी गच्चीवरच्या सवयीने सुरू झाले, तोंडाला लगाम नाही. दोन मिनिटांनी तिने पेन वर केलं.

“काकू, हे वाक्य संपलं का?”

महिनाभरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी थांबले. खरं तर ते वाक्य कुठे चाललंय तेच मला माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्याकडे बघत मी ते पुन्हा, लहान करून सांगितलं. पुढे मी तिच्या भुवयांवर पेपर सोडवला असं म्हटलं तरी चालेल. भुवई वर गेली की वाक्य अवघड झालंय. ती काही सुचवत नव्हती, सुचवणं नियमात नव्हतं, आणि पर्यवेक्षक डोळ्यात तेल घालून बसले होते. ‘बदली’ म्हणजे ट्रान्सफर नव्हे हे तिला कळलं, ते तिने न विचारता माझ्या पुढच्या वाक्यातून. तिचं पेन जरा जोरात चालायला लागलं, त्यावरून मला कळलं.

शेवटची दहा मिनिटं मी उत्तरपत्रिका डाव्या हाताने उलटून वाचली. अक्षर सुरेख. आणि मी जिथे जिथे ‘केलं’ म्हटलं होतं तिथे तिने ‘केले’ लिहिलं होतं. ‘असं’चं ‘असे’. ‘त्यांच्याकडं’चं ‘त्यांच्याकडे’. एकदाही न विचारता, एकदाही न चुकता. ते करताना तिला काही बदलतोय असं वाटलंही नसणार. बाई बोलतात तसं लिहायचं नसतं, एवढं तिला शाळेने शिकवलं होतं.

ती वही हातात धरून मला धाकटी काकी आठवली.

१९८२ साली मी आठ वर्षांची. काका परळला एका गिरणीत, त्रासन खात्यात. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांतली माणसं मुंबईला होती आणि बायकांना अक्षर येत नव्हतं. माझं अक्षर वळणदार, म्हणून अंतर्देशीय पत्र घेऊन त्या मला बोलवायच्या आणि बदल्यात गुळाचा खडा द्यायच्या. पत्राचा मायना, मजकूर, शेवट, सगळं शाळेत घोकून घेतलेलं. काकी चुलीपुढून सांगायची, “लिव, हिकडं समदी बरी हायेत.” मी लिहायचे, ‘इकडील सर्व मंडळी कुशल आहेत.’ मला त्याचा अभिमान होता. ती भाकरी थापायची आणि मी तिच्या बोलण्याला इस्त्री करायचे.

त्या पावसाळ्यात मनीऑर्डर येऊन सहा महिने झाले होते. काकीने मला बोलावलं. म्हणाली, “लिव. म्हनावं, पैकं न्हाई आलं तर न्हाई आलं. भाकरी हाय घरात. तितं उपाशी ऱ्हाऊ नगा. या निघून.” मग बराच वेळ चूल फुंकत राहिली. नंतर आठवल्यासारखं म्हणाली, “आन म्हस याली म्हनावं.”

मी लिहिलं : ‘इकडची काळजी नसावी. आपण आपली प्रकृती सांभाळावी. पत्राचे उत्तर लवकर पाठवावे.’ भाकरीचं वाक्य पत्रात कुठे बसतं ते आम्हाला शिकवलेलं नव्हतं. ‘या निघून’ तर मोठ्या माणसाला कसं लिहायचं? म्हशीला मात्र जागा होती. ता. क. : म्हैस व्याली आहे.

“लिवलंस न्हवं समदं?”

“हो.”

तिने पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि कडा डिंकाने चिकटवल्या. काका दोन वर्षांनी परत आले. ते पत्र त्यांच्याबरोबर आलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. आता दोघंही नाहीत.

गेल्या महिन्यात एम.ए.चा निकाल लागून बरेच दिवस झाले होते आणि घरी कुणी नव्हतं. मी माइक सुरू केला आणि काकीचं बोलणं काकीसारखंच बोलले. आधी आवाज नीट निघेना, तीस वर्षांच्या पुण्याने जीभ घासून टाकली आहे. तिसऱ्यांदा जमलं. फोनने लिहिलं : ‘म्हणावं पैसे नाही आलं तर नाही आलं भाकरी हाय घरात तिथे उपाशी राहू नका या निघून’.

मी बघत बसले. त्यानेही तिच्या बोलण्याला इस्त्री केली होती, माझ्यासारखीच. पण ‘भाकरी’ होती. ‘या निघून’ होतं.

मग एकेक अक्षर नीट करायला घेतलं. ‘पैसे’चं ‘पैकं’. ‘राहू नका’ खोडून ‘ऱ्हाऊ नगा’. तो ऱ्ह कीबोर्डवर सापडेपर्यंत मनगट दुखायला लागलं, थंडीत अजून दुखतं. टिंबं दिली. शेवटी पुन्हा माइक लावून म्हटलं, “आन म्हस याली म्हनावं.”

फोनने लिहिलं, ‘मस्त आली म्हणावं’. ते तेवढं तसंच ठेवलं.